सुंठीच्या पोत्यांमागे

वागिमिनचा आवाज जन्मापासूनच बारीक. फोनवर तो बोलायला लागला की पलीकडचा माणूस "हॅलो? हॅलो?" करत राही आणि कंटाळून फोन ठेवून देई. त्याच्या बायकोनं, लास्मीनं, लग्नानंतर आठवड्याभरातच सांगून टाकलं होतं, "तुम्ही काय बोलता ते मला तुमच्या ओठांकडे बघून ओळखावं लागतं. अंधारात बोलूच नका." सेमारांगच्या बंदराच्या रस्त्यावर आमचा जामूचा कारखाना आहे. काढे, चूर्णं, बाळंतिणीच्या पुड्या असलं सगळं तिथं बनतं. तिथल्या माल पाठवायच्या खात्यात वागिमिननं बावीस वर्षं काढली, पण ट्रकवाल्यांवर ओरडायचं काम कायम दुसऱ्यानं केलं. साहेबांनी सभेत विचारावं, "कुणाला काही बोलायचंय?" आणि वागिमिननं ओठ हलवावेत, तोवर साहेब पुढच्या विषयावर गेलेले असत.

अशा माणसाला कॉम्प्युटर भेटला. म्हणजे कॉम्प्युटर सगळ्यांनाच मिळाले, पण वागिमिनला तो भेटला.

मशीनं जोडायला हेंद्रो नावाचा पोरगेला इंजिनियर आला होता. त्यानं सतरा मशीनं एका तारेत ओवली आणि प्रत्येकाला आमच्याच मालातलं नाव दिलं. वागिमिनचं मशीन हळद. गोदामाचे हिशेबनीस पाक कासमुरी ('पाक' आमच्याकडे मोठ्या पुरुषाला मानानं म्हणतात), त्यांचं लवंग. त्यांच्या हाताखालच्या नुनिकचं जायफळ. पाक बेजोच्या वाट्याला वेखंड आलं, म्हणून तो दोन दिवस रुसून बसला होता. मग हेंद्रोनं एक गंमत दाखवली. आपल्या मशीनवर दोन ओळी लिहायच्या, नाव निवडायचं आणि बटण दाबायचं. समोरच्याच्या पडद्यावर टिंग करून करड्या रंगाची चौकट उघडायची. वर लिहिलेलं असे, कोणत्या मशीनकडून कोणत्या मशीनला. हवं तर एकदम सतराही जणांना.

महिन्याभरात सगळ्या ऑफिसला त्याचं वेड लागलं. फाटकाशी लुंपिया-रोलवाला आलाय, साहेबांचा मूड बरा नाही, भरतीचं पाणी आवारात शिरलंय चपला वर ठेवा, असं सगळं चौकटीतून यायचं. आणि त्यात सगळ्यात खुसखुशीत चौकटी असायच्या हळदीच्या. तोंडावर कुणाला "जरा सरका" म्हणायचीही ज्याची हिंमत नव्हती, तो माणूस दोन ओळींत भल्याभल्यांची टोपी उडवू लागला. लोक त्याच्या टेबलापाशी येऊन पाठ थोपटायचे. "मिन, आज काय आहे?" बेजो ओरडायचा. वागिमिन मान खाली घालून हसायचा. पण घरी जाताना त्याची चाल बदललेली असायची. पन्नाशीला आलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी ऐकत होतं. त्यात वाईट काही नव्हतं. पुढं जे झालं ते वाईट होतं.

रमजानचा अकरावा रोजा. हळदीचा पडदा सकाळीच काळा पडला होता, आणि नुनिक टपालात पार्सलं द्यायला गेली होती, म्हणून वागिमिन तिच्या खुर्चीवर बसून याद्या छापत होता. एक यादी जुळेना. पोती मोजायला तो गोदामात गेला. बाराला दहा कमी असतील. सुंठीच्या थप्पीमागे काहीतरी हललं. त्याला उंदीर वाटला. वाकून बघतो तर पाक कासमुरी. भिंतीकडे तोंड करून, टोपी मांडीवर काढून ठेवून, बाटलीतून घटाघटा पाणी पीत होते.

पाक कासमुरी! रोज दुपारी ऑफिसच्या प्रार्थनेच्या खोलीत पुढे उभे राहून सगळ्यांची नमाज चालवणारे. आवाज असा गोड की बाहेरचे रिक्षावालेही येऊन मागे उभे राहायचे. शिपायापासून साहेबापर्यंत कुणालाही त्यांनी कधी दुखावलं नव्हतं. वागिमिनच्या पोराची सुंता झाली तेव्हा दुआ त्यांनीच म्हटली होती.

वागिमिन मागच्या मागे फिरला. त्यानं तेव्हा काय विचार केला, हे त्याला नंतर कितीदा आठवून पाहिलं तरी सापडलं नाही. कारण विचार केलाच नव्हता. डोक्यात ओळ तयार झाली होती आणि ओळ चांगली होती, एवढंच. समोर असलेल्या मशीनवर त्यानं ती बडवली:

"ताजी बातमी. सुंठीच्या पोत्यांमागे आज दुपारी बारालाच सूर्य मावळला. बांग कोणी दिली ते इमामसाहेबांना विचारा."

सर्वांना. बटण दाबलं. टिंग, टिंग, टिंग, ऑफिसभर. आणि मग बेजोचं ते गडगडाटी हसू. "अरे अरे अरे! पाक कासमुरी? चोरून?" कोणीतरी "हळू बोल" म्हणालं आणि तेही हसलं. वागिमिनच्या अंगावर सुखाचा काटा आला. हे लिहायला मला लाज वाटते, त्याला तर आजही वाटते. पण खरं ते खरं, त्याला सुख झालं.

तेवढ्यात पाक कासमुरी गोदामातून आले, टोपी घालून. कुणी त्यांच्याकडे बघेना. ते आपल्या जागेवर बसले. त्यांच्या पडद्यावर चौकट उघडी होती. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि बंद केली. मग टेबलावरची पट्टी उचलून रकान्यांच्या रेघा मारत बसले. त्या दिवशी रेघा मारण्यासारखं काही काम नव्हतं.

दुपारच्या नमाजेला ते पुढे गेले नाहीत. शेवटच्या रांगेत, दाराशी, चपलांजवळ उभे राहिले. सगळे थांबले. कुणीतरी म्हणालं, "पाक, या ना पुढं." त्यांनी फक्त हात हलवला. शेवटी बेजोला पुढं व्हावं लागलं आणि त्याचा मधेच गोंधळ झाला. त्या दिवसापासून पाक कासमुरी पुढे गेले नाहीत ते नाहीतच.

वागिमिनला तेव्हाच कळलं होतं की हे अति झालं. संध्याकाळी कबूल करू, असंही त्याच्या मनात आलं. पण मधल्या वेळात नुनिक परत आली होती.

"काय गं वार्ताहर," बेजोनं तिला दारातच गाठलं, "तुझी जीभ भलतीच तिखट निघाली की!"

"कसली वार्ताहर?"

"चौकट जायफळाकडून आली होती, पोरी. आम्ही काय आंधळे आहोत?"

नुनिक आधी हसली. तिला वाटलं चेष्टा चाललीय. मग तिनं ओळ वाचली आणि तिचा चेहरा उतरला. "अहो मी नव्हते इथं! टपालात होते. पावती दाखवू?"

"पावतीवर वेळ कुठं असते?" कुणीतरी म्हणालं.

गंमत म्हणजे वागिमिन तिच्या जागेवर बसला होता हे दोघाचौघांनी तरी पाहिलेलं असणार. पण वागिमिन कुठं बसलाय, कुठून उठलाय, हे बावीस वर्षांत कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, तेव्हाही राहिलं नाही. तारेवर माणूस नसतो, मशीनचं नाव असतं. जायफळ म्हणजे नुनिक. संपलं.

नुनिकनं सगळीकडे बघितलं, वागिमिनकडेही बघितलं. त्यानं ओठ हलवले. खरंच हलवले. आवाज फुटला नाही, आणि ती पुढं बघू लागली.

त्यानंतर उद्या सांगू, उद्या सांगू करता करता रोजे सरत गेले. पाक कासमुरींनी नुनिकला एका शब्दानंही दोष दिला नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हता. आधी ते तिला 'न्दुक' म्हणायचे, पोटच्या पोरीला म्हणतात तसं. "न्दुक, ही बेरीज बघ. न्दुक, जेवलीस का?" आता ते तिला "म्बाक नुनिक" म्हणू लागले. आदरानं, नीट, बँकेतल्या बाईला म्हणावं तसं. पहिल्या दिवशी ते ऐकून नुनिक हातातली फाईल तशीच धरून उभी राहिली. सूर्यास्ताला सगळे मिळून रोजा सोडायचे, केळ्याचं गोड कालवण वाटीवाटीनं फिरायचं. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. तिच्यासमोर बोलताना लोक अर्ध्यावर थांबायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे, छापून येईल." वागिमिन समोरच बसलेला असायचा. त्याच्या वाटीतलं केळं तसंच राहायचं. आणि तरी, हळदीचा पडदा दुरुस्त झाल्यावर एके दिवशी बेजोनं "मिन, हल्ली हळद गप्प का?" म्हटल्यावर त्यानं एक हलकीशी चौकट पाठवली, साहेबांच्या नव्या चष्म्यावर. लोक हसले. कुणाला संशय यायला नको, म्हणून पाठवली होती. एवढं नीच आपण वागू शकतो, हे त्याला त्या दिवशी कळलं.

तेविसाव्या रोज्याला तो लास्मीचं औषध आणायला दवाखान्यात गेला. बाकावर पाक कासमुरींच्या बायको, बू कासमुरी, बसलेल्या, मांडीवर गोळ्यांची पिशवी.

"कोण आजारी?" त्यानं विचारलं.

"काय?"

"आजारी कोण?"

"हे हो. मूतखडे आहेत, एक किडनी तर जवळजवळ गेलीच म्हणतात. डॉक्टरांनी बजावलंय, दर दोन तासांनी पाणी, रोजा धरायचाच नाही. आता आजाऱ्याला देवानंच सूट दिलीय, त्यात लाजायचं काय? पण हे कुणाला सांगू देत नाहीत. म्हणतात, मी पुढे उभा राहणारा माणूस, लोकांनी माझ्याकडे कीव करून बघायला नको." त्यांनी पिशवीची गाठ सोडली, परत मारली. "त्यात तुमच्या ऑफिसातल्या कुणा मुलीनं काहीतरी चेष्टा केली म्हणे. तेव्हापासून घरीसुद्धा नमाज पुढे होऊन चालवत नाहीत. नातवाला पुढे करतात. मी म्हटलं, सांगून टाका ना सगळ्यांना की आजारी आहे. तर म्हणाले, पकडल्यावर सांगितलं की ती सबब होते."

वागिमिन लास्मीचं औषध न घेताच बाहेर आला. दवाखान्याच्या भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला ओकारी येईल असं वाटलं, पण पोटात काही नव्हतं. रोजा होता ना! त्याचा रोजा अगदी शाबूत होता.

ईद झाली. आमच्याकडे ईदेला माणूस माणसाकडे जातो, हात हातात घेतो आणि म्हणतो, देहानं मनानं जे काही चुकलं असेल ते माफ करा. समोरचा म्हणतो, माझंही. झालं, वर्षाची पाटी कोरी. नाही कुणी म्हणत नाही, तशी रीतच नाही. वागिमिन दुसऱ्या दिवशी अननसाच्या बिस्किटांचा डबा घेऊन पाक कासमुरींच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. त्यांच्या दारात पाहुण्यांच्या चपलांचा ढीग दिसला. गर्दी आहे, मग येऊ, असं स्वतःला सांगून तो वळला. डबा त्यानं वाटेत एका रिक्षावाल्याला देऊन टाकला आणि लास्मीला सांगितलं, "पोचवला."

सुट्टीनंतरचा पहिला दिवस. दहा वाजता आवारात सगळ्यांनी रांग धरून एकमेकांची माफी मागायची, ही दरवर्षीची पद्धत. वागिमिन आठलाच आला. हळद चालू करून त्यानं ते नेहमीचं वाक्य लिहिलं, "देहानं मनानं जे चुकलं असेल ते माफ करा." सर्वांना. जसजसे लोक आले तसतशा चौकटी परत येऊ लागल्या. माझंही, माझंही, माझंही. वेखंडाकडून, दालचिनीकडून, जायफळाकडून. नऊ वाजून वीस मिनिटांनी लवंगेकडून आली: "माझंही, मिन. तू तर कधी कुणाचं वाईट केलं नाहीस."

ती चौकट त्यानं बंद केली नाही. तिच्याकडे बघत तो दहापर्यंत बसून राहिला. मिळाली की माफी. लेखी मिळाली. चोरानं घरमालकाकडूनच किल्ली मागून घ्यावी तशी मिळाली.

आवारात रात्रीच्या भरतीचे ओले डाग होते, त्यावर विटा टाकून वाट केली होती. साहेब पहिले उभे राहिले, त्यांना भेटून दुसरा त्यांच्याशेजारी, मग तिसरा. अशी रांग लांबत जाते आणि प्रत्येकजण प्रत्येकाला भेटतो. वागिमिन रांगेत लवकर उभा राहिला. पाक कासमुरी त्याच्या पलीकडे तिसरे. पुढून एकेक येऊ लागलं. नुनिक आली, नव्या हिरव्या ओढणीत. वागिमिनशी तिनं हात मिळवला, वाक्य म्हटलं, पुढं गेली. पाक कासमुरींसमोर आल्यावर ती खाली वाकली. दरवर्षी ती त्यांचा हात घेऊन कपाळाला लावायची आणि ते तिच्या डोक्यावर दुसरा हात ठेवायचे. तिनं दोन्ही हात पुढं केले. पाक कासमुरींनी बोटांची टोकं टेकवली, हात छातीशी घेतला. हसले. "म्बाक नुनिक, माझंही," म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे बघू लागले.

नुनिकचे हात तसेच राहिले. वाकलेली होती, तशीच थोडा वेळ राहिली.

वागिमिनला पुढचं फारसं आठवत नाही. रांगेतून तो बाहेर पडला, विटेवरून पाय घसरून बूट चिखलात गेला, आणि पाक कासमुरींसमोर उभा राहून त्यानं ते सांगितलं.

"काय म्हणतोस?" पाक कासमुरींनी कान पुढं केला.

त्यानं पुन्हा सांगितलं.

"मोठ्यानं बोल रे, बाबा. गलका किती आहे."

"ती चौकट मी पाठवली होती!" वागिमिन ओरडला. त्याला आपला आवाज ओळखू आला नाही. तो फाटका होता, कोंबड्यासारखा. "सुंठीची! मी बसलो होतो नुनिकच्या मशीनवर! ती नव्हती! मी तुम्हाला पाणी पिताना बघितलं आणि मी लिहिलं! तिनं नाही!"

बावीस वर्षांत पहिल्यांदा सगळं आवार त्याचं ऐकत होतं. साहेबांचा हात कुणाच्यातरी हातात तसाच राहिला होता.

पाक कासमुरी त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा चिडल्यासारखा नव्हता. थकल्यासारखा होता.

"सकाळी मी तुला काहीतरी लिहिलं ना, मिन?"

"हो, पाक."

"ते मी परत घेतो."

कुणीतरी "पाक..." म्हणालं. असं आमच्याकडे कधी कुणी केलेलं नाही, ईदेला तर नाहीच नाही.

"सणाचं खोटं कशाला बोलू? आज नाही देता येत. आलं मनात तर मी होऊन सांगेन तुला," पाक कासमुरी म्हणाले. वागिमिनचा पुढं केलेला हात त्यांनी बघितलाही नाही. ते रांग सोडून चालत गेले, पुढं सरकलेल्या नुनिकपर्यंत.

"न्दुक," ते म्हणाले. "तीन आठवडे रोज सकाळी तुला बघून माझं तोंड कडू व्हायचं. तू 'मी नव्हते' म्हणालीस, मी विश्वास ठेवला नाही. तुला परकं केलं, आणि वर स्वतःला चांगला समजत राहिलो. देहानं मनानं वगैरे नाही, पोरी. हे, एवढं, मी केलं. माफ कर."

नुनिकनं त्यांचा हात ओढून कपाळाला लावला आणि रडली, लहान पोर रडतं तसं, नाक वाहेपर्यंत. पाक कासमुरींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग रांग पुन्हा हलू लागली, कारण रांगेला हलावंच लागतं. लोक वागिमिनपाशी येत, बोटं टेकवत, वाक्य पुटपुटत आणि त्याच्या डोळ्यांत न बघता पुढं जात. तो चिखलाच्या बुटानं उभा होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पळावंसं वाटत होतं. पण एक गोष्ट त्याला जाणवत होती: त्या सकाळी आलेल्या सोळा माफ्यांपैकी एकही त्याची नव्हती. पाक कासमुरींचा नकार मात्र त्याचाच होता.

शेवटी नुनिक डोळे पुसून त्याच्यासमोर आली. रांगेत ती त्याला भेटून गेली होती, परत यायची गरज नव्हती. हात तिनं ओढणीत गुंडाळून ठेवले होते.

वागिमिननं ओठ हलवले.

"ऐकू नाही आलं, पाक वागिमिन," नुनिक म्हणाली.

त्यानं पुन्हा हलवले.

"मोठ्यानं. मघाशी त्यांच्यासाठी ओरडलात ना? तेवढ्याच आवाजात, माझं नाव घेऊन. तिकडं फाटकापाशी टपालवाला उभा आहे, त्याला ऐकू जाऊ द्या. मी त्या दिवशी त्याच्याकडेच होते."

वागिमिननं वळून फाटकाकडे बघितलं. टपालवाला खरंच उभा होता, सायकल धरून. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.